अर्धं शहर

“फोन लागलाच नाही रे,” ताई म्हणाली. त्याने चपलाही काढल्या नव्हत्या.

पुलावर गर्दी होती, म्हणून उशीर झाला, असं काहीतरी पुटपुटत तो आत आला. ताईच्या सासऱ्यांची, अण्णांची, कॉट अजून खिडकीशीच होती. गादी मात्र गुंडाळून ठेवलेली.

“या, इंजिनिअरसाहेब,” दाजी खुर्चीतून म्हणाले. “कपाटाएवढं यंत्र तुमचं, आणि एका म्हाताऱ्यासाठी डॉक्टरला फोन लागेना?”

राउटर म्हणजे काय ते दाजींना त्यानेच एकदा समजावलं होतं. प्रत्येक फोन, प्रत्येक निरोप त्या यंत्राच्या नाक्यावर येतो आणि पुढची वाट यंत्र दाखवतं. त्या दुपारी नवं सॉफ्टवेअर चढवताना ते बंद पडलं आणि अर्धं शहर मुकं झालं. त्याच दुपारी अण्णा गेले.

तेव्हापासून त्याला झोप नव्हती. ताईशी बोलायला हवं होतं, पण तो ते रोज पुढे ढकलत होता.

तिने पाण्याचा पेला आणला. कितीतरी वर्षं अंथरुणावरच्या अण्णांचं सगळं तिनेच केलं होतं. ते दिवसभर हाका मारत, कधी दुखतंय म्हणून, कधी नुसत्याच. दर वेळी ती हातातलं टाकून उठायची.

“जेवतेस का गं नीट?”

“जेवते की.”

“थापा मारू नकोस. गालफडं बसलीत.”

“आधी आरशात बघ, खुळ्या.” ती हसायला गेली आणि तिने तोंड फिरवलं. “मी लावत होते रे. त्यांनी हाक मारल्याबरोबर. सारखी लावत होते.”

“तुला कुणी विचारलंय का?” दाजी वैतागले. “झोपेतून उठून हेच बडबडते. उद्या मीच जातो यांच्या कंपनीत. त्या दुपारी नक्की काय काय बंद होतं, ते विचारूनच येतो.”

ताईच्या हातातला पेला कलंडला. पाणी कॉटखाली पसरत गेलं. पुसायला कुणीच उठलं नाही.

तो खाली तिच्यासमोर येऊन बसला.

“दाजी, नका जाऊ. त्या दुपारी यंत्रावर मीच होतो. माझ्या हातून बंद पडलं ते. ताई, तुझा फोन माझ्यामुळे लागला नाही.”

“म्हणजे चोर घरचाच निघाला,” दाजी हळूच म्हणाले. “आता कुठे जाऊ आणि कुणाला विचारू?” ते उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. अण्णा गेल्यापासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आता मात्र तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. “खुळ्या,” एवढंच म्हणाली.

निघताना तिने, लहानपणी लावायची तसं, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

तो जिना उतरत होता तोच ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन आला.

“कुठे आहेस तू?”

“ताईकडे. पुलापलीकडे.”

“तरीच आवाज स्वच्छ येतोय. इकडे आपलं धूड पुन्हा अडखळायला लागलंय, लवकर ये. पलीकडच्यांची चैन आहे बाबा. त्यांचा राउटर वेगळा. त्या दिवशीसुद्धा तिकडे एक फोन अडला नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.