ताशी साठ मैलांची बकरी

यंत्राने पुन्हा एकदा बकरीचा फोटो काढला होता.

गुणवंतराव ओव्हरसियर जीपच्या बॉनेटवर फोटो मांडून कपाळाला हात लावून उभे होते. समोर मोहाच्या झाडाजवळचं वळण. सागवान भरलेले ट्रक चांद्याकडे निघाले की इथून सुसाट सुटत, आणि वळणापलीकडे रस्त्याला लागूनच गावाची विहीर. बाया-पोरं दिवसभर तिथे. ट्रक हळू जावेत म्हणून गुणवंतरावांनी नागपूरला खेटे घालून हे यंत्र आणलं होतं.

तसं ते साधंच. रस्त्यावर दोन पावलांच्या अंतराने दोन रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या. चाक पहिल्या नळीवर चढलं की आतली हवा दबते आणि पेटीतलं घड्याळ सुरू होतं. दुसरीवर चढलं की थांबतं. मधला वेळ फारच कमी भरला तर झाडाला बांधलेला कॅमेरा फोटो काढतो. पण हवा कोणी दाबली, हे त्या शहाण्याला कळत नाही. कळपातल्या एका बकरीने पहिल्या नळीवर पाय दिला आणि दुसरीने लगेच पुढच्या नळीवर, की याच्या लेखी कोणीतरी ताशी साठ मैलांनी गेलं!

"बकऱ्याईवर खटला भरा साहेब," धुरपता म्हणाली.

ती रस्त्याच्या कडेला दगडांच्या ढिगाऱ्याशी बसली होती. हात उघडे, एकही बांगडी नाही. ढिगारा छातीएवढा झाला होता आणि हातभर रस्त्यातही सरकला होता. इकडची रीत अशी, की वाटेत कोणी अवचित गेलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याने त्या जागी एक दगड ठेवायचा. न ठेवता पुढे गेलं तर गेलेला माणूस सोबतीला चालू लागतो.

दिवाळीनंतर एका धुक्याच्या पहाटे धुरपताचा नवरा ट्रकखाली गेला, ही बातमी लाकडाच्या डेपोत पसरली होती. गावाने आपल्या रीतीने सगळं आटोपलं म्हणे. ट्रक कोणाचा होता ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरला तो आपलाच वाटत होता. चौकशीची ब्याद नको म्हणून ट्रकांचा मालक असलेला लाकडाचा ठेकेदारही मूग गिळून बसला.

गुणवंतरावांना मात्र चैन नव्हती. त्याआधीच्या उन्हाळ्यात हीच धुरपता गावच्या बायांना घेऊन त्यांच्या कचेरीत आली होती. ट्रक आवरा म्हणत होती. त्यांनी मानही वर न करता विचारलं होतं, "कोणी मेलं का आतापर्यंत? नाही ना? मग मेल्यावर या." आता ते वाक्य त्यांना घास गिळू देत नव्हतं.

त्यांनी शेवटचा फोटो तिच्यापुढे धरला. फाटका खाकी कोट घातलेला एक माणूस, पाठमोरा. पाय पहिल्या नळीवर, आणि खांद्यावरून निसटलेला धोंडा गडगडत थेट दुसऱ्या नळीवर.

"हा कोण?"

धुरपताने फोटो बराच वेळ पाहिला. मग पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलू लागले, तशी गुणवंतरावांनी नजर वळवली.

"वाटसरू असन कोणी," ती पदराआडून म्हणाली. "दगड ठेवाले आला असन."

गुणवंतरावांनी फोटो खिशात घातला. "बाई, यंत्र आज परत नेतो. आणि... ठेकेदाराने वर तक्रार केलीये. ढिगारा रस्त्यात येतो. काढून टाकायचा हुकूम आहे."

धुरपता उठून उभी राहिली.

"काढा. पयला दगड तुमी उचला. माह्या डोळ्यात पाहून उचला."

गुणवंतराव जागचे हलले नाहीत.

"काऊन थांबले? मेल्यावर या म्हणे तुमी. आता दगडाईले हात लावाले आले? एक बी दगड हालला ना साहेब, त अख्खं गाव या रस्त्यात आडवं झोपन. मंग काढा फोटो!"

तेवढ्यात भोंगा वाजला. इसरू ड्रायव्हरचा ट्रक येत होता. हा इसरू म्हणजे पोलिसाच्या शिट्टीलाही भीक न घालणारा गडी. पण त्याने लांबूनच वेग कमी केला, वळणावर ट्रक थांबवला, सीटखालून दगड काढला आणि ढिगाऱ्यावर ठेवला.

"माफ कर भाऊ," तो पुटपुटला आणि बैलगाडीच्या चालीने पुढे गेला. ट्रक दोन्ही नळ्यांवरून गेला तरी यंत्राने हूं की चूं केलं नाही.

विहिरीवरची एक पोरगी भरली घागर घेऊन रमतगमत रस्ता ओलांडत होती. गुणवंतराव ती पलीकडे पोचेपर्यंत पाहत राहिले. जे नागपूरच्या यंत्राला जमलं नाही ते इथे दगडांनी केलं होतं.

त्यांनी नळ्या गुंडाळल्या, कॅमेरा सोडला. मग खाली वाकून एक दगड उचलला. धुरपताने श्वास रोखला. त्यांनी तो ढिगाऱ्यावर ठेवला आणि हात जोडले.

"ढिगारा हलणार नाही. वर काय सांगायचं ते मी सांगतो. माझं चुकलं, बाई."

"तुमचा बी दगड लागला साहेब," धुरपता म्हणाली. या वेळी तिचा आवाज मऊ होता.

जीप गेली. धूळ खाली बसली. मोहाच्या झाडामागचं झुडूप हललं आणि फाटका खाकी कोट घातलेला माणूस खांद्यावर धोंडा घेऊन बाहेर आला. कोटाच्या खिशात बांगड्या खुळखुळत होत्या.

"गेला?"

"गेला. ठेव तो धोंडा, अन् आण माह्या बांगड्या."

त्याने धोंडा ढिगाऱ्यावर आदळला आणि घाम पुसला.

"धुरपते, मेलो बी मीच, अन् माह्यावरचे धोंडे बी मीच वाहू का वं?"