उजवीकडे ओढणारी गाडी

सेकंडहँड गाडी घेऊन पंधरवडाही झाला नाही तोच ताईच्या जिवाला घोर लागला. स्टिअरिंग उजवीकडे ओढत होतं. गॅरेजवाल्या काकांनी अलाइनमेंट केलं, टायर बदलून पाहिले, गाडीखाली झोपून सगळं तपासलं आणि गाडी ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. नवऱ्यानं चालवून पाहिली. तोही म्हणाला, "नाकासमोर चालतेय की." शेवटी तिनं धाकट्या भावाला गॅरेजवर बोलावलं. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन आला आणि काच खाली करून म्हणाला, "ताई, चक्क उजवीकडे ओढतेय. तुझ्या गळ्यात मारलीय कुणीतरी."

काका भावाशेजारी बसले, ताई मागे. रिकाम्या रस्त्याला लागल्यावर काका म्हणाले, "आता हात सोडा."

भावानं हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली.

"गाडी नाही ओढत, तुम्ही ओढताय. दोघं शिकलात कुठल्या गाडीवर?"

"बाबांच्या," ताई मागून म्हणाली.

तो खटारा कायम डावीकडे पळायचा. बाबा शेजारी बसून स्टिअरिंगवरच्या हातावर आपला हात ठेवायचे आणि उजवीकडे दाबून धरायचे. आधी तिच्या हातावर, काही वर्षांनी भावाच्या. पुढे गाडी भंगारात गेली. मग बाबाही गेले.

भावानं गाडी वळवून गॅरेजवर परत आणली. उतरताना ताईनं हळूच विचारलं, "काका, थोडीशी डावीकडे ओढेल अशी करून देता येईल का?"