तेलाचा काटा

तेलाच्या तापमानाचा काटा एकशे तीसच्या पुढे सरकला तसा सौमित्रनं पाय उचलला. नव्या रायपूरचा सहा पदरी रस्ता दुपारच्या उन्हात समोर मोकळा पडला होता. असा रस्ता मिळाल्यावर जवान पोरगा साठच्या वेगानं जात नाही. सौमित्र गेला. शेजारी बसलेले नरहरकाका मिस्त्री काट्याकडे बघत होते. काटा हळूहळू एकशे दहावर उतरला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

ही लाल स्पोर्ट्स कार सौमित्रनं जुनी घेतली होती. मग मोठा टर्बो बसवून, ट्यूनिंग करून तिची ताकद जवळजवळ दुप्पट केली. ताकद वाढली की इंजिनचं तेल तापतं, तापलं की पातळ होतं आणि पातळ तेल बेअरिंगला वाचवत नाही. हे त्याला डिसेंबरात याच रस्त्यावर कळलं. एकशे ऐंशीच्या वेगात इंजिन खडखडलं आणि बसलं. गाडी टोचन करून पंडरीच्या गॅरेजात आणली ती नरहरकाकांनीच.

बदलून घातलेलं दुसरं इंजिनही गेलं तर गाडी विकून टाकीन, असा शब्द त्यानं शंकर नगरच्या घरी आईला दिला होता. मे महिन्यात कार क्लबची स्पर्धा होती. बंद केलेल्या रस्त्यावर दहा फेऱ्या. त्या दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या तर गाडी राहणार होती, एवढा सरळ मामला होता.

नरहरकाकांनी जीव ओतला. पुढच्या बंपरमागे मोठा ऑइल कूलर बसवला. त्याच्यावर हवा नीट यावी म्हणून कात्रीनं पत्रा कापून हवेची वाट बनवली, तीही तीनदा मोडून चौथ्यांदा मनासारखी. टर्बोवर उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली, घट्ट जातीचं तेल भरलं, तेलाचं तापमान दाखवणारं नवं काट्याचं मीटर लावलं. त्यांचं काम बघत बसावं असंच होतं. कुठेही घाई नाही, कुठेही ठोकाठोकी नाही.

सौमित्रची आई विमलाबाई डबा घेऊन यायच्या. स्कूटरच्या मागच्या सीटवरही डोळे मिटून बसणारी ही बाई. पण इंजिन उघडं होतं त्या दिवसांत स्टूल ओढून तास तासभर बसायच्या. कूलर कशाला, पाइप कुठून कुठे जातो, मीटरला आतलं कसं कळतं, सगळं विचारायच्या. काका त्यांना एखाद्या शिकाऊ इंजिनिअरला सांगावं तसं सांगायचे. सौमित्रला हसू यायचं आणि आईचं कौतुकही वाटायचं.

एवढं करूनही काटा चढायचा तो चढायचाच. तेल बदलायला काढलं तर मधासारखं स्वच्छ निघायचं. महागडं आहे, तसंच असणार, असं सौमित्र म्हणाला. काकांनी बोटावरचं तेल फडक्याला पुसलं.

"काका, और बड़ा कूलर लगा दें क्या?" त्यानं विचारलं.

"कूलर बस झाला बाबू. आता तुह्या पायाचा इलाज कर. काटा एकशे तीसवर गेला का पाय उचलाचा. त्याच्याशी भांडाचं नाई."

सौमित्र भांडला नाही. चार महिने तो काटा बघून गाडी चालवायला शिकला. वरचा गिअर लवकर टाकायचा, ब्रेक आधी दाबायचा, वळणात गाडी हलकी सोडायची. डिसेंबरात कुणी पाठीस लागल्यासारखी गाडी हाणणारा पोरगा एप्रिलमध्ये अशी चालवायला लागला की शेजारच्याच्या हातातला चहा सांडू नये. नरहरकाकांनी आयुष्यात बरेच ड्रायव्हर पाहिले होते. असा त्यांनी फार क्वचित पाहिला होता आणि तसं त्यांनी क्लबातल्या लोकांना बोलूनही दाखवलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी अकरालाच चव्वेचाळीस डिग्री होती. पाचव्या फेरीपर्यंत दोन गाड्या वाफ सोडत बाजूला झाल्या. सातव्या फेरीत पहिला नंबर सौमित्रच्या नजरेच्या टप्प्यात आला आणि नेमका तेव्हाच काटा एकशे एकतीसवर गेला. त्याचा जीव तळमळला. पण पाय उचलला. मागची पांढरी गाडी संधी साधून पुढे सुटली आणि वळणावरच्या रेतीत घसरून दुभाजकावर चढली. चालक धडधाकट बाहेर आला, गाडीचं तोंड मात्र पार चेपलं होतं. सौमित्र शेजारून शांतपणे निघून गेला.

दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या. पहिला नंबर चार सेकंदांनी हुकला, दुसरा आला. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. सौमित्र उतरला तो थेट काकांच्या पाया पडला. तुम्ही नसता तर आज गाडी गेली असती, म्हणाला. काका मागे सरकले.

"माह्यं काई नाई त्यात," ते म्हणाले. सगळ्यांना तो त्यांचा विनयच वाटला.

रविवारी विमलाबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. जेवण होत आलं तसा सौमित्र हात धुऊन फाटकापाशी गेला. मोहल्ल्यातली पोट्टी गाडीभोवती जमली होती आणि तो त्यांना कूलर दाखवत होता. नरहरकाकांनी आवाज खाली आणला.

"वहिनी, जानेवारीपासून त्या गाडीचं तेल एकशे पाचच्या वर कधी गेलंच नाई. तुमच्या शब्दावर मी मीटर तीस डिग्री पुढे करून ठेवलं. पोट्ट्याचा पहिला नंबर गेला त्याच्यापायी. आता तरी खरं करून देऊ का?"

विमलाबाईंनी खिडकीतून मुलाकडे पाहिलं आणि काकांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"तीसची सवय झाली भाऊ त्याले," त्या म्हणाल्या. "आता चाळीस करून द्या."