खिडकीतला घेवडा

दार वाजलं तेव्हा बर्टनने हातातली कुंडी आधी खिडकीच्या पडद्याआड सरकवली, मग कडी काढली. दारात रस्त्यापलीकडचा लॉर्न उभा होता. गुडघ्यापर्यंत शेणाने माखलेला आणि तोंडभर हसत.

"काय रे, आपल्या खतातला घेवडा कसा आलाय?"

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात स्पर्धेसाठी अवाढव्य भोपळे पिकवणारी माणसं नवं शेणखत घेवड्यावर तपासल्याशिवाय जमिनीत घालत नाहीत. गवतावर तणनाशक मारलेलं असलं, तर गाय ते गवत खाते आणि तणनाशक शेणातून जसंच्या तसं बाहेर टाकते. मग त्या जमिनीत भोपळ्याचा वेल काही वर्षं तरी धड उभारी धरत नाही. घेवडा बिचारा हे थोड्याच दिवसांत सांगतो. पानं मुठीसारखी आवळली की खत बाद.

यंदा दोघांनी मिळून एका नव्या गोठ्यातून ट्रकभर खत आणवलं होतं, निम्मं निम्मं. तपासायचं काम बर्टनकडे होतं. काल तो मुलीकडे गेला होता, रात्री उशिरा परतला. आज उठून बघतो तर कुंडीतल्या घेवड्याने मुठी आवळलेल्या.

पण गेल्याच महिन्यात स्पर्धेच्या वजनकाट्यावर लॉर्नच्या भोपळ्याने त्याच्या भोपळ्याला पुन्हा मागे टाकलं होतं. गावात आता बर्टनला कुणी नावाने हाक मारत नसे. "काय म्हणतोस, दुसऱ्या?" असंच विचारत.

"झकास आलाय," बर्टन म्हणाला.

"मग झालं तर! तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." लॉर्नने त्याची पाठ थोपटली आणि लंगडत निघून गेला.

बर्टन गाडी काढून खाडीवर शेवाळ आणायला निघाला. मागे लॉर्नचं खत मातीत कालवायचं टिलर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. त्याने काच वर केली.

ओहोटीच्या किनाऱ्यावर ओलं शेवाळ गाडीत टाकताना मात्र तो मध्येच थांबला. त्याची बायको मॅरियन गेली त्या उन्हाळ्यात तो अंथरुणातून उठत नव्हता. तेव्हा रोज सकाळी त्याच्या वेलांना पाणी कुणी घातलं? ह्याच लॉर्नने. बर्टनला स्वतःची इतकी लाज वाटली, की आजूबाजूला चिटपाखरू नसतानाही त्याने मान खाली घातली. मग दाताळं गाडीत फेकलं आणि अर्धीच भरलेली गाडी घेऊन तो माघारी वळला. तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. पण सांगायचं. थोडीफार जमीन तरी वाचेल.

लॉर्न त्याला भेटला तो बर्टनच्याच कोठारामागे, उपड्या बादलीवर गुडघा चोळत बसलेला. शेजारी टिलर. आणि पलीकडे बर्टनचा वाफा. कित्येक वर्षं पानं, शेवाळ, राख घालून पोसलेली ती जमीन आज गादीसारखी भुसभुशीत, काळीभोर दिसत होती.

"लॉर्न, तो घेवडा..."

"आधी माझं ऐक. गुडघे गेले रे माझे. डॉक्टर म्हणतो, आता भोपळे पुरे. आमची थेल्मा खूश आहे, तिला माझ्या वाफ्यात बटाटे लावायचेत. म्हणून काल तू नव्हतास तेव्हा माझ्या वाटणीचं सगळं खत इथे तुझ्या वाफ्यात आणून पसरलं. पुढच्या वर्षी तुला कुणी दुसरा म्हटलं ना, तर माझ्याशी गाठ आहे म्हणावं."

बर्टनने कुंपणाचा खांब धरला.

"अरे वेड्या, रडतोस काय? आणि घाई नाही हं केली मी. थेल्मा बजावत होती, मातीत कालवायच्या आधी बर्टनला घेवड्याचं विचार." लॉर्नने टिलरवर प्रेमाने हात फिरवला. "सकाळी तू झकास म्हणालास, तेव्हाच मशीन फिरवलं."