जिभेखालची गोळी

छातीत कळ आली तसा मी ओट्यावरच बसलो. बायको नुकतीच एसटीतून उतरून आली होती. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तिनं माझ्या खिशातली डबी उघडली आणि पांढरी गोळी चिमटीत धरली. “आ करा. जिभेखाली ठेवा.” मी दात घट्ट आवळले. डॉक्टरांनी मला एकट्याला बजावलं होतं, मर्दानी ताकदीची गोळी घेतली असेल तर दोन दिवस ही घ्यायची नाही, बीपी एकदम पडून जीव जाईल. “काहून हट्ट करून राह्यले? अँबुलन्सले दारव्ह्याहून याले टाइम लागते.” तिनं बोटं दातांत घातली. सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. “नको,” मी म्हणालो. “काल ती ताकदीची गोळी घेतली. आता ही घेतली त मरीन.” तिचा हात थांबला. “काल त मी उमरखेडले होती.” तिनं गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आ करा.”