निरगाठ

मुकुंदवाडीच्या शाळेत स्काउट-गाइडचा जिल्हा मेळावा होता आणि उमा मॅडमच्या पोटात दुखत होतं. वर्षानुवर्षं झेंडा त्या फडकवायच्या. यंदा मान त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विशाखाला मिळाला. म्हणून विशाखानं झेंड्याच्या घडीला मारलेली सुरगाठ मॅडमनी गुपचूप सोडली आणि निरगाठ आवळली. ओढ म्हणावं आता! घडी वर चढली आणि विशाखा माइकवर म्हणाली, "दोरी मॅडमच ओढतील. गाठ त्यांनीच शिकवली मला." मॅडमना घाम फुटला. हिसक्यावर हिसका दिला, पण घडी उघडेना. "मॅडमलाच जमंना व्हय!" पोरी फिदीफिदी हसल्या. विशाखानं झेंडा उतरवला, गाठ पाहिली, मॅडमकडं पाहिलं. "हसता काय गं? गाठ माझी चुकली." सुरगाठ मारून तिनं दोरी परत मॅडमच्या हातात दिली. झेंडा फडकला. टाळ्या पडल्या विशाखाला. "मेली!" मॅडम पुटपुटल्या. "आता मोठेपणाही हिनंच लाटला."