अकिलीसचा पाला

खुरपं निसटलं आणि शोभनाच्या डाव्या तळहातात शिरलं. रक्त गवतावर ठिबकू लागलं. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तशी ती बघत राहिली. ओरडावंसंही वाटलं नाही. मुलगा इराकहून परतल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

ऋषी मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता. अमेरिकन सैन्यात तो मेडिक होता, जखमींवर पहिले उपचार करणारा. बर्फ वितळताना नेपरव्हिलला घरी आला, तेव्हापासून हा असाच. दिवसभर त्या पायरीवर. काही विचारलं की, "आय ॲम फाइन." शेवटी शोभनानं आणि तिच्या नवऱ्यानं, प्रल्हादनं, विचारणंच सोडून दिलं.

रक्त दिसलं तसा तो उठला. कुंपणाशी ती जे तण उपटत होती, त्याचाच मूठभर पाला त्यानं ओरबाडला. पिसासारखी पानं, पांढऱ्या फुलांचे झुबके. पाला चुरगाळून त्यानं जखमेवर दाबला आणि तिचा हात उंच धरला.

"हलू नकोस, आई."

कितीतरी दिवसांनी तो मराठीत बोलला होता.

"हे काय लावलंस?"

"यॅरो. रक्त थांबतं यानं. आमचा सार्जंट सांगायचा, ग्रीक स्टोरी आहे. अकिलीस म्हणून मोठा योद्धा होता. त्याच्या गुरूनं त्याला हे शिकवलं. युद्धात तो आपल्या लोकांना हेच लावायचा. त्याचा एक बेस्ट फ्रेंड होता, त्यालाही त्यानंच पट्टी बांधली होती."

"मग वाचला तो?"

"तेव्हा वाचला." ऋषी पाल्याकडे बघत होता. "नंतर एकदा फ्रेंड एकटाच पुढे गेला. हा गेला नाही. तंबूत बसून राहिला."

"का रे?"

"भांडण झालं होतं. सिली कारण होतं."

शोभनाला ग्रीकांच्या गोष्टी ठाऊक नव्हत्या. रक्त केव्हाच थांबलं होतं, पण ऋषीनं हात सोडला नव्हता. बोलतोय तर बोलू दे, एवढ्यासाठीच तिनं विचारलं, "काय नाव होतं त्या मित्राचं?"

त्यानं पाला पुन्हा जखमेवर दाबला.

"डॅनी," तो म्हणाला. "डॅनी मार्टिनेझ. टेक्ससचा होता."